मॉरागने काढलेलं झाड

डंडीत वारा टे नदीवरून येतो
आणि थेट माझ्या डाव्या खांद्यावर बसतो.
तिथे पंधरा-वीस दाणे आहेत, मसुरीएवढे, तांबूस.
गार हवा लागली की
एकेकात कुणी तापवलेली सुई फिरवतं.
बसस्टॉपवर मी दात आवळून उभी,
शेजारची बाई म्हणते, छान दिवस आहे, नाही?

सात वर्षं मी त्यांना उठाणू म्हणत आले.
आईसुद्धा तेच म्हणायची.
चोपड्याला, थंडीत, चुलीपुढे दंड शेकत बसायची
आणि बारा महिने लांब बाह्यांचं पोलकं.

त्वचेच्या डॉक्टरनं एक दाणा कापून नेला.
मग मॉराग भेटली, जनुकांची नर्स.
कोरा कागद, शिसपेन्सिल,
बायकांना वर्तुळ, पुरुषांना चौकोन.
आईचं काही ऑपरेशन?
पिशवी काढली, बत्तिसाव्या वर्षी.
मावशीचं?
पिशवी.
आजीचं?
फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ.
कुमुदमावशी कुजबुजली, घरात जावई होता,
"अगं, तिचीही. पण असलं कागदावर लिहितात होय?"
आणि मामा?
"मामा कमरेनं गेला."
कमरेनं कुणी जात नाही, मावशी.
बराच वेळ नुसती खरखर.
"लघवीतून रक्त जायचं. कुणाला सांगू नकोस."

मॉरागनं चौकोन काळा केला.

आता दर फेब्रुवारीत मी त्या बोगद्यात शिरते.
श्वास सोडा, धरा, असा आवाज येतो.
मी बेचा पाढा म्हणते, बे नव्वे अठरापर्यंत पुरतो.
ही गाठ लहान असतानाच धावते, डॉक्टर म्हणाले,
तेव्हा आपण आधी पोचायचं.
यंदाचं पत्र आलं, दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ.
फ्रिजवर लावलंय, पोहण्याच्या वेळापत्रकाशेजारी.

झाडाच्या खालच्या फांदीला एक वर्तुळ आहे, कोरं.
मृण्मयी नऊ वर्षांची.
नाणं उडवावं तेवढीच शक्यता, इकडे किंवा तिकडे.
काल आंघोळीनंतर
मी तिची पाठ जरा जास्तच वेळ पुसली.
"आई, काय शोधतेस?"
पाणी, म्हटलं.
ती वळली. "मला रंगवलंय का त्या झाडात?"

नाही अजून.
मंगळवारची वेळ घेतलीय, पावणेदहाची.

रात्री मावशीचा मेसेज आला,
आधी एक चुकून गेलेलं फूल, मग
"त्या तपासणीचं नाव पाठव.
मोठ्या अक्षरात.
वासंतीला दाखवायचंय."