शेवटचं पान

रुवैसच्या कॅम्पात, खोली नंबर एकशे चौदामध्ये
पैसे लावायला बंदी आहे,
म्हणून आम्ही खजुराच्या बिया लावतो,
धुऊन, वाळवून, तुपाच्या डब्यात साठवलेल्या.
महिनाअखेर ज्याच्याकडे सगळ्यात कमी
तो पुढचा महिनाभर संडास धुतो.
म्हणजे खेळ अगदीच फुकटचा नाही.

पोकर शिकवलं रोडेलनं. सेबूचा वेल्डर,
बोलतो कमी, आणि पत्ते पिसतो
झोपू घातलेल्या मुलाला थोपटावं तसे.
आधी दोन पानं हातात, मग तीन मधे उघडी,
मग एक,
मग शेवटचं. त्याला म्हणतात नदी.
मी हसलो. या देशात एकही नदी नाही, रोडेल.
तो म्हणाला, म्हणून तर कोणाला तिचा अंदाज येत नाही.

त्या शुक्रवारी माझ्याकडे दोन एक्के,
इस्पिकचा आणि चौकटचा.
मधे बदामचा राजा, किलवर सत्ती,
बदाम चव्वी, चौकट दुर्री.
मी सगळ्या बिया पुढे ढकलल्या.
तिलबहादुरनं जांभई दिली, आणि त्यानंही ढकलल्या.
पानं उलटली तर त्याची बदाम दश्शी, बदाम पंजी.
बाकी हातात वारा.
चव्वेचाळीस पानं उरलेली,
त्यातली नऊ त्याची, पस्तीस माझी.

आली बदामची नव्वी.

तिलबहादुर पलंगावर चढून नाचला.
मग मला समजावू लागला, कसं खेळायचं असतं ते.
रोडेल हळूच म्हणाला, तू बरोबर खेळलास.
मग संडास कोण धुणार?
तूच.

जूनमध्ये शमाल सुटला.
माझ्या क्रेनच्या हुकाला अठरा टन लटकलेले
आणि वाऱ्याचा काटा लाल रेषेच्या नखभर पुढे.
मी भार खाली टेकवला, इंजिन बंद केलं.
वीस मिनिटांत वारा असा पडला
की दोरीवरचा टॉवेलही हलेना.
सहा तास फुकट गेले. मदबूली फोरमननं
सगळ्यांसमोर मला भित्रा म्हटलं, आणि वर कागदही दिला.

दोन दिवसांनी खेडच्या उस्मानगनीनं
काटा तिथेच असताना तोच भार उचलला.
काही झालं नाही.
त्याच्या पाठीवर थाप, आणि सगळ्यांना बिर्याणी.
मीही जेवलो. चांगली होती.
जेवताना मनात घोळत होतं
की ती नऊ पानं गेली कुठे?
कुठेच नाहीत. गड्डीतच आहेत, पालथी,
उद्यासाठी.

हे सगळं मी मोठ्या तोंडानं सांगतोय खरा,
पण एक गोष्ट रोडेललाही सांगितलेली नाही.
बल्लारपूरहून निघताना एजंटनं जो कागद पुढे केला
तो अरबीत होता.
मी त्यावर सही केली
जशी पोस्टमनच्या वहीवर करतात.
बहिणीच्या बांगड्या त्या कागदाखाली होत्या.
माझ्याच विमानातून आलेले चौघे
त्याच एजंटच्या तशाच कागदावर
कुठल्याशा वाळवंटात पगाराविना सात महिने राहिले.
मला क्रेन मिळाली, एसी खोली मिळाली.
गावाकडे मी सांगतो, मेहनत केली म्हणून.
आई म्हणते, दैव देतं आणि कर्म नेतं.
माझं कर्म तर तेव्हा न्यायलाच निघालं होतं.

काल भाच्याचा फोन आला.
मामा, एजंट तोच आहे अजून.
तू आलास तसाच येऊ का?
मी म्हणालो, थांब. कागद कोणाकडून तरी वाचून घे.
न वाचलेल्यावर सही करू नकोस.
तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला,
पण तू कुठे वाचला होतास?
बांगड्या तर सोडवल्यास ना?

रेंज गेली, असं मी म्हणालो.
रेंज होती.

बाहेर येऊन बादली भरायला लावली.
महिना संपायला अजून अकरा दिवस.
खोलीतून पत्ते पिसल्याचा आवाज येत होता.