मदत: नाही

शेजवलकर मॅडमच्या टेबलावर पंचांग असतं.
देवाधर्मासाठी नाही.
शाळेला लागून मंगल कार्यालय आहे, म्हणून.
मुहूर्ताच्या तारखांना त्या लाल गोल करतात
आणि त्या दिवशी कपाटातून
सहा जाड हेडफोन निघतात.
हे कुठल्या पेपरला आहे, मी विचारलं होतं.
कुठल्याच नाही, म्हणाल्या.

आमच्या बॅचला एकतीस बायका आणि मी.
आधी चाकणला होतो, सात वर्षं, बेअरिंग तपासायला.
गेज आत गेलं तर माल पास,
नाही गेलं तर लाल पेटीत.
इथल्या निरीक्षण वहीत पहिल्या दिवशी लिहिलं,
‘कैवल्य चिडला.’
मॅडमनी खोडलं. समासात लिहिलं:
चिडला हे तुमचं. त्यानं काय केलं ते लिहा.
मग लिहिलं: डावा तळहात बाकावर, चार वेळा.
वर ट्यूबलाइट फडफडत होती.
मंगळवारी श्रीपतीनं नवी नळी लावली.
बुधवारच्या रकान्यात शून्य.
सात वर्षांत एकाही बेअरिंगनं
माझ्याकडून ट्यूब बदलून घेतली नव्हती.

ओतूरहून वडील फोन करतात,
अजून त्या वेड्यांच्याच शाळेत का?
वेडी नाहीत, मी म्हणतो.
मग ते पगार विचारतात
आणि मग दोघंही पावसापाण्याचं बोलतो.

शर्टाचं बटण शिकवायचं तर
शेवटाकडून सुरुवात करायची.
काजात अर्धं सरकवलेलं बटण मी धरणार,
त्यानं नुसतं ओढायचं.
ओढलं की ते त्याचं.
मग रोज एकेक पायरी मागे.
आणि हात:
आधी त्याच्या बोटांवर माझी बोटं,
मग मनगटाला,
मग कोपराला नुसता धक्का,
मग खांद्यामागे हवेत,
मग कुठेच नाही.
परीक्षेत ह्याला पाच मार्क होते.
मी आकृतीसकट लिहिलं.

प्रत्यक्षात जूनपासून दिवाळीपर्यंत
आम्ही मनगटाशीच अडकलो.
म्हणजे मी अडकलो.
बटण काजाशी घुटमळलं की
माझा हात पुढे.
मागच्या खुर्चीवरून मॅडम,
‘खिलारी सर, दहापर्यंत मोजा. मनात.’
मी मोजायचो.
सहाला बटण लावून मोकळा.
‘बस कुणाची सुटतेय? त्याची तर नाही.’

तुळशीची लग्नं झाली
आणि पंचांग लाल गोलांनी भरलं.
एका गुरुवारी बँड सकाळी साडेनवालाच आला.
एका हेडफोनची पट्टी तुटलेली,
ती काखेत धरून मी दातांनी चिकटपट्टी फाडत होतो.
कैवल्य समोर उभा, शर्ट उघडा,
कानांवर निळे गोळे.
वरून दुसरं बटण.

मी मोजत नव्हतो.
पट्टीचं टोक सापडत नव्हतं.

बटण काजात अर्धं आलं, परत गेलं.
परत आलं.
नवरदेव उतरला असावा,
बाहेर एकदम शांत झालं.
त्यानं ओढलं.

माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहील असं मला वाटत होतं,
पण तेही माझंच. वहीतलं नव्हे.

तिसरं बटण चौथ्याच्या काजात गेलं.
शर्टाची एक बाजू लांब, एक आखूड,
तसाच तो दिवसभर हिंडला,
तसाच आईच्या स्कूटरवर मागे बसून
म्हात्रे पुलाकडे गेला.
मी हात खिशात ठेवले होते.
दोन्ही.

संध्याकाळी लिहिलं:
नऊ चाळीस. बटण दोन आणि तीन. मदत: नाही.
बराच वेळ त्या ‘नाही’कडे बघत बसलो.
चाकणला ह्याच शब्दानंतर
माल लाल पेटीत टाकायचो.

दुसऱ्या दिवशी वही परत आली.
समासात बारीक अक्षरात:
वेळ दुरुस्त करा,
वर्गातलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे.