चाळीस सेकंद

रनकॉर्नला चिमणीच्या पायथ्याशी पत्र्याची एक खोली आहे,
दोघं उभे राहिले की तिसऱ्यानं पोट आत घ्यावं, एवढी.
आत उकाडा. बाहेर मर्सीवरचं वारं
दाराचं रबर कुरतडत असतं.

पॅनेलवर चार बटणं, तीन दिवे,
काडेपेटीएवढा पडदा.
'एंटर' पार गुळगुळीत झालंय,
त्यावरची अक्षरं क्लाइव्ह एंटव्हिसलच्या अंगठ्यानं खाल्ली,
सव्वीस वर्षांत, हळूहळू.

आधी होल्ड दाबायचं. हे विसरलीस, तो म्हणायचा,
तर कंट्रोल रूमला वाटेल चिमणी एकाएकी सज्जन झाली.
पिवळा दिवा लागला की नायट्रोजनची चावी, अर्धा वळसा,
आणि काचेच्या नळीतला मणी
एकच्या रेघेवर तरंगेपर्यंत थांबायचं.
घाई केली की तो उडून वरच जाऊन बसतो,
लग्नात रुसलेल्या आत्याबाईंसारखा.

"याला शून्य शिकवावं लागतं. दर सोमवारी. विसरतं ते."
मी हसले होते. शून्य काय विसरायची गोष्ट आहे?
पण आकडा खरंच ०.३ वर बसलेला,
काही नसताना थोडंसं आहे म्हणत,
पगार संपल्यावर पाकीट चाचपतात तसा.
बाण खाली, खाली, खाली. एंटर.
मग दुसरा सिलिंडर, गळ्यात दाखला लटकलेला: सोळा टक्के.
यंत्र म्हणतं पंधरा-सहा.
दाखल्याचंच खरं धरायचं.
दाखल्याला कोण तपासतं, हे विचारल्यावर
क्लाइव्हनं थर्मासचं झाकण उघडलं
आणि चहा ओतला. मला अर्धा.

वर्षातून एकदा भट्टी बंद. चिमणी गार.
तेव्हा नळीत कुठे गळती आहे का ते बघायचं:
एकानं शिडीनं वर जाऊन तोटीत फुंकायचं,
दुसऱ्यानं खाली पडद्याकडे डोळे लावायचे.
नळी चाळीस मीटर, श्वासाला चाळीस सेकंद.
मागच्या ऑक्टोबरात तो शेवटचा चढला.
रेडिओवर म्हणाला, पाठवलं.
मी मोजत राहिले. अडतीस. एकोणचाळीस.
४.१.
तोवर तो चार पायऱ्या उतरला होता,
म्हणजे पडद्यावर जो होता तो वर,
आणि खाली येत होता तो दुसरा.

नुसतं फुंकलं नव्हतंस, बोललास काहीतरी, मी म्हटलं.
तो हातमोजे काढत होता.
"यंत्रानं सांगितलं की. चार पॉइंट एक."
यापुढे काही नाही. शुक्रवारी केक, सोमवारी त्याचं कपाट रिकामं,
आत एक पेन्सिल आणि गंजका पाना.

यंदा वर मी.
खाली पॅनेलपाशी कॅलम, एकोणीस वर्षांचा,
होल्ड दाबलंस ना, असं मी दोनदा विचारलेलं.
प्लॅटफॉर्मच्या जाळीतून बुटांखाली नदी दिसते, गढूळ, ओहोटीची.
तोटीला तोंड लावलं.
क्लाइव्ह काय बोलला असेल, असं मनात येऊन गेलं,
आणि तोंडातून निघालं, "भोपळा."

शाळेत गणिताच्या पेपरावर हमखास मिळायचा तो.
तीस वर्षांत हा शब्द मोठ्यानं उच्चारला नव्हता.

पाठवलं, मी म्हटलं.
रेडिओत खरखर, वाऱ्याची.
शब्द अजून नळीत असणार, दुसऱ्या वळणावर कुठेतरी.

"थ्री पॉइंट नाइन," कॅलम ओरडला, "सुरेख!"
भोपळ्याला तीन पॉइंट नऊ. कुलकर्णी सरांना कळवायला हवं.

शिडी उतरताना आठवलं.
कॅलम, मी रेडिओवर म्हटलं,
होल्ड काढ.