ओला, सुका आणि तिसरा

गाडी सव्वासातला येते, भोंग्यासकट.
रामकली खाली हात पुढे करून उभी,
आणि मी तिला देते एवढंसं पुडकं :
दोन संपलेले सेल, कागदात गुंडाळलेली एक फुटकी काच.
"बस, इतना ही?"
तिसऱ्या आठवड्यात तिने दरोग्याला सांगितलं,
या घरात माणसं राहतात, पण सालं निघत नाहीत.

दरोगा वही घेऊन जिना चढला.
नाल्यात टाकता का, म्हणाला. दंड होईल.
मी म्हटलं, वर या.

गच्चीच्या दारात त्याने बूट काढले, का कोण जाणे.
शिटी हरवलेल्या कुकरात ओवा.
ह्यांच्या हेल्मेटमध्ये पुदिना, उलटा टांगलेला,
हनुवटीचा पट्टा अजून लोंबतोय.
फ्लशच्या टाकीत मिरच्या. हे मी बोलले नाही,
त्याने ओळखलं, तोही बोलला नाही.
शेवेच्या पाकिटांत टोमॅटोची रोपं,
तिखट वासाची पाळणाघरं.
कूलरच्या सांगाड्यावर गिलकी
(आई घोसाळी म्हणायची, ती धुळ्याची.
मला इंदुरात चाळीस वर्षं झाली,
आता वेलसुद्धा गिलकी म्हटल्याशिवाय चढत नाही).

कोपऱ्यात तडा गेलेला माठ.
त्यात सालं, चहाचा चोथा, वाळकी पानं,
आमचा तीन महिन्यांपूर्वीचा स्वयंपाक
ओळखू न येण्याइतका काळा झालेला.
दरोग्याने मूठभर उचललं, हुंगलं.
"मिट्टी है," म्हणाला,
जणू मी त्याला फसवलं होतं.
मग उभाच राहिला, पेन उघडं धरून.
वहीत रकाने दोनच : गीला, सूखा.

मलाही दोन पुरत नाहीत.
माझ्या पलंगाखाली तिसरी टोपली आहे, तिचं नाव "बघू".
छत्रीच्या काड्या, बघू.
एक चप्पल, दुसरी कुत्र्याने नेली, बघू.
तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मी बघूच म्हणते.
नर्मदा नळाला येते एक दिवसाआड,
घाट चढून, इतक्या लांबून.
अशा बाईला एकदाच हात धुवायला लावून
नालीत कसं सोडायचं?

रोपांना नावाच्या पाट्या हव्या होत्या.
इथल्या उन्हात कागद आठवड्यात पिवळा, शाई त्याआधीच उडते.
म्हणून एक्स-रेचा गठ्ठा काढला.
सुईने खरडलं की अक्षर उठतं, पावसाला भीत नाही.
माझं मनगट, स्कूटरवरून पडले तेव्हाचं : मेथी, कोथिंबीर.
ह्यांचा गुडघा : पालक, मुळा, चुका.
संध्याकाळी ऊन आडवं झालं
की पालकामागे गुडघ्याची वाटी दिसते.
हे वाकायचा प्रयत्न करतात,
पाटीवर बोट ठेवून म्हणतात,
"इथे दुखतं अजून."

गठ्ठ्यात तळाशी मामंजींचा होता.
छाती. कोपऱ्यात तारीख, एकोणऐंशी साल.
मिलमध्ये तिसऱ्या पाळीला होते,
रात्रभर खोकायचे आणि सकाळी हसून सांगायचे,
"यंदा आत कापूस बरा पिकलाय."
उजेडाकडे धरला तर खरंच
दोन्ही बाजूंना काहीतरी पांढरं, विस्कटलेलं.
भेंडीच्या सहा पाट्या निघाल्या असत्या.
कात्री दोनदा लावली.

तो पलंगाखाली आहे,
छत्रीच्या काड्या आणि एका चपलेशेजारी.

भेंडीला पाटी नाही.
तशीही ती ओळखू येते.