पाठमोरा

मिरकरवाड्यात बर्फाचा कारखाना बंद पडलेला,
त्यात त्यांनी तुरुंग उभा केला.
प्लायवूडचे गज, वर रुपेरी रंग.
खाऱ्या हवेत तो शेवटपर्यंत वाळला नाही,
धरला गज की तळहात चंदेरी.
रोजाचे सहाशे, वर जेवण.
बोटी वर ओढलेल्या होत्या, नारळी पौर्णिमेला अवकाश होता.
गेलो.

फॉर्मवर एक रकाना होता: पूर्वीचा अनुभव.
तिथे मी रेघ मारली.

पुण्याचं एक पोरगं मला शिकवत होतं
थाळी कशी धरायची.
"काका, भूक दिसली पाहिजे."
मी धरली, सावंतवाडीला धरायचो तशी:
डावा हात थाळीभोवती, कोपर बाहेर,
डोळे दुसऱ्यांच्या हातांवर.
"थाळीत बघा ना काका."
बघितलं थाळीत.
थाळीत बघणारा आत आठवडाभर टिकत नाही,
हे त्याला कशाला सांगू.

त्यांच्या बराकीत सगळे ओरडतात.
आमच्यात भांडण हळू व्हायचं.
"जरा सरक," एवढंच कोणी म्हणायचं,
आणि सकाळच्या गिनतीला एक जण
सरळ उभा राहू शकायचा नाही.
न्हाणीत पडला, साहेब.
फार निसरडी न्हाणी होती आमची,
एकोणीस महिन्यांत अकरा जण पडले.

तिसऱ्या दिवशी रक्त संपलं.
बाजारातून कोकमाचं आगळ आणलं, दोन बाटल्या.
मेलेला नट हळूच ओठ चाटू लागला.
"प्रेत चाटतंय! कट!"
सगळे हसले. मीही हसलो,
पोट धरून, खूप दिवसांनी.

मग तो सीन.
बराकीत मोबाईल सापडलाय, कुणीतरी खबर दिलीय.
संशय माशीसारखा सगळ्यांवरून फिरतो
आणि बसतो नको त्याच्यावर.
लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं हे?
की सगळीकडे असंच असतं?

आमच्यात ती माशी बसली इब्राहीम सोलकरवर,
कारण त्याच आठवड्यात त्याच्याकडे नवी चादर आली.
निळी, कडेला पांढरी पट्टी.
मुलाखतीला त्याच्या आईने दिलेली.
ज्याने खबर दिली त्याला चादर नव्हती मिळाली.
त्याला भाताचा टोप ढवळायचं काम मिळालं,
तेही पंधरा दिवसांनी, कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून.
थंडीत चुलीपाशी बरं असतं.

"कैदी नंबर तीन,
हाणामारी सुरू झाली की तुम्ही भिंतीकडे वळा.
बघायचं नाही. फक्त पाठ."

एका टेकमध्ये झालं.
"काय खांदे दिलेत काका!
घाबरलेल्या माणसाचे, अगदी अस्सल!"
घाबरलेल्याचे नव्हते ते.
मी मोजत होतो.
तेव्हाही मोजले होते. सतरा.
सतराव्यानंतर सोलकर ओरडायचा थांबला,
मी भिंतीवरच्या पोपड्याकडे बघत राहिलो,
गोव्याच्या नकाशासारखा होता.

गणपती गेल्यावर सीरियल लागली.
धाकटी ओरडली, "पप्पांची पाठ! पप्पांची पाठ!"
दोन सेकंद.
बायकोने शेजारी सांगितलं, वाडीत सांगितलं,
जेटीपर्यंत गेलं असणार.

सोलकर जेटीवर बर्फ फोडतो.
डावा पाय अजून बाहेर पडतो त्याचा.
आमचं बोलणं असतं,
बांगडा काय भावाने गेला, डिझेल कितीला भरलं.
त्या दिवशी टोचा हातात तसाच ठेवून म्हणाला,
"परवा टीव्हीवर तू होतास ना रे?"
म्हटलं, "तोंड कुठे दिसलं माझं?"
"तोंड नव्हतंच," तो म्हणाला.
"पाठ ओळखली."

मग त्याने माझ्या टपात बर्फ भरला,
नेहमीपेक्षा दोन फावडी जास्तच,
आणि पैसे घेईना.
मी नोट पुढे धरून उभा,
टपाच्या फटीतून पाणी माझ्या चपलांवर गळत होतं,
आणि तो पुढच्या लादीवर घाव घालत होता.
मोजायचे नाहीत असं ठरवलं मी.
सहा. सात.