थारोळं

उरुसाच्या गर्दीत कमरेला हिसका बसला.
वळून मनगट धरलं तर
आठ-नऊ वर्षांचं पोर, बोटांना जिलबीचा पाक,
आणि पिस्तूल अर्धं बाहेर.
काही झालं नाही.
स्टेशन डायरीत तेवढंच लिहिलं, "काही झालं नाही",
खाली सही : अयोध्या गित्ते, पोउपनि.

सरकारी होल्स्टरचं बटण माझ्याआधी तिघांनी वापरलेलं.
झिजून बोळक्या तोंडासारखं,
नुसतं मिटल्याचं सोंग करणारं.

परभणीत स्टेशन रोडला वर्दीचं दुकान आहे.
मालकानं तीन काढले.
एक मांडीवर बांधायचा, सिनेमातला,
जीपमध्ये चढताना मलाच आडवा येणारा.
दुसरा कापडी. "कुठलंबी पिस्तूल बसतंय बघा यात."
दुकानातलं लाकडी पिस्तूल आत घातलं, बाहेरून दाबलं
तर कापडातून ट्रिगर लागला बोटाला.
तव्यावरून काढावा तसा हात काढला.
तिसरा टणक प्लास्टिकचा, दिसायला देखणा,
पण कळ अशा जागी
की दाबणारं बोट घाईत थेट ट्रिगरवर उतरावं.

मग हवालदार शेंडगे म्हणाले, नागोराव खंदारेला दाखवा,
जिंतूर नाक्यावर, पंक्चरवाल्याच्या मागं.

नागोरावनं पिस्तुलाकडे पाहिलंच नाही.
"म्याडम, आदी पट्टा दावा.
पट्टा लेचापेचा, तर वरलं समदं वाया."
मग विचारलं, उजव्या हाताच्या का डावखुऱ्या,
जीपमधी कुठल्या अंगाला बसता,
गर्दीत कोपर कुठं ऱ्हातंय तुमचं.
इतकं तर मला बघायला आलेल्यांनीही विचारलं नव्हतं.

त्याचा बाप मोटा शिवायचा.
रापीला धार लावत म्हणाला,
"भरल्याली मोट वर येताना
बैलानं किती बी हिसडा देऊ द्या,
सोंडंतून पाणी सुटू ने.
सोंड थारोळ्यावर आली की मंगच सुटावं.
आदी न्हाई."

थारोळं.
मला हा शब्द पंचनाम्यातून माहीत.
रक्ताच्या थारोळ्यात पडलेला इसम,
पालथा, उताणा, डाव्या कुशीवर,
किती वेळा लिहिलाय.
त्यात आधी पाणी होतं
आणि पाण्यापुढे पाट, आणि पाटापुढे ऊस,
हे मला नाक्यावरच्या टपरीत कळलं.

अकराव्या दिवशी झालं तयार.
जाड चामडं, माझ्याच पिस्तुलाच्या मापाच्या लाकडी साच्यावर
ओलं असतानाच बसवलेलं.
ट्रिगर पुरता झाकलेला.
पट्टीचं बटण अंगाकडच्या बाजूला,
माझ्या अंगठ्याला ओळखीचं, परक्या हाताला नाही.

रविवारी घरी मॅगझिन काढलं,
गोळ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत.
चेंबरमध्ये करंगळी घालून पाहिलं.
पुन्हा पाहिलं.
मग नवऱ्याला म्हटलं, ओढ.
समोरून, मागून, मी खाली बसले असताना.
तो हसत होता. मग हसायचा थांबला,
मनगट चोळत म्हणाला, येत नाही गं.
गच्चीवर पळाले, उड्या मारल्या,
शेजारच्या चाटेकाकूंनी मुकाट्यानं
आपल्या कुरडया आत नेल्या.

शंभरदा काढलं, शंभरदा ठेवलं.
काढणं दोन दिवसांत जमतं.
ठेवताना मात्र बघावं लागतं,
शर्टाचं टोक आत गेलं का,
बोट बाहेर आहे ना.
तिथं घाई करायला कुणी मागं लागलेलं नसतं,
तरी होते.

अर्जावर साहेबांचा शेरा आला, "मंजूर. स्वखर्चाने."
नागोरावनं शिलाईचे पैसे घेतले, साच्याचे घेतले नाहीत.
साचा त्यानं खुंटीला टांगून ठेवलाय,
गोफणी आणि चाबकांच्या मधे.

त्या पोराचं नाव मी डायरीत घातलं नव्हतं.
मनगट सोडलं तेव्हा विचारलं, कशाला रे ओढलंस?
"खरंय का बघायलतो," म्हणालं.
मी म्हटलं, खरंय.
आणि पाक पुसायला रुमाल दिला.
तो घेऊन पळालं.