जामदार

दांडिया बाजारातल्या आमच्या पाटीवरची
पितळी अक्षरं गळाली, आधी 'जा', मग 'म'.
उरलं 'दार'.
पोस्टमन म्हणाला, "ते तर दिसतंच आहे."

वरच्या खोलीत अंकाराची सेव्हिल राहायला आली,
चित्रकला शिकायला.
वळणावर तिची ट्रंक अडकली तशी
ओरडायला लागली, "दार! दार!"
आम्ही खालून, "हो हो, दारच. ये."
तिच्या भाषेत दार म्हणजे अरुंद,
हे कळेपर्यंत भिंतीचा पोपडा गेला.

अनसूयाआत्यानं कधीकाळी रशियनचा डिप्लोमा केलेला.
वाटाणे सोलत म्हणाली,
"तिकडे दार म्हणजे भेट. अरबांकडे, घर."
फारसीतलं तिनं गाळलं.
रात्री मी कोश उघडला:
फाशीचा खांब.

आणि आडनावाच्या शेपटीला, सांभाळणारा.
काय सांभाळतो आम्ही?
जामदारखाना पणजोबांच्याच वेळी गेला,
आता अक्षरंही.

श्रावणात लाकूड फुगतं, जाम होतं.
खांदा लावून मी हाक मारतो,
"आत्या, बारणं उघड!"

दार हा शब्द
या घरात कुणी वापरतच नाही.